उभ्या-आडव्या पत्रांचा कंपाउंडर

शेवटचे भेटलो तेव्हा आदाप्पा स्वतःचाच केसपेपर वाचत होते. दवाखान्यातल्या खाटेच्या पायथ्याशी अडकवलेला तो पुठ्ठा त्यांनी मागून घेतला होता. चष्मा कपाळावर चढवून, कागद नाकाला लावून, ओठ हलवत एकेक अक्षर सोडवणं चाललं होतं. मोठ्या डॉक्टरांचं अक्षर म्हणजे अगदी कोंबडीचे पाय. नर्सला ते लागेना, त्रिशलाला, म्हणजे त्यांच्या मुलीला, तर मुळीच नाही. आदाप्पांनी मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, पुठ्ठा जागच्या जागी अडकवायला लावला, त्रिशलाला चहा आणायला खाली पिटाळलं आणि मला म्हणाले, "बाई, हितं काय लिवलंय ते मला कळलंय. पोरीला कळलं न्हाई तवर बरं हाय. तुमी बी वाचाय जाऊ नगा." मग डोळे बारीक करून हसले. "न्हाईतरी तुमाला कुठं वाचाय येतंय!" खरंच होतं ते. इंग्रजी मला यायचं, अक्षर त्यांना यायचं. पंधरा वर्षं आमची भागीदारी याच बोलीवर चालली होती.

चौथ्या दिवशी सकाळी मी परीक्षेचे पेपर तपासत होते. एका पोरानं असं काही खरडलं होतं की मला एक ओळ लागेना. तो पेपर मी सवयीनं बाजूला ठेवला... गुरुवारी आदाप्पांना दाखवू म्हणून. तेवढ्यात फोन वाजला. त्रिशला होती. ती काय सांगणार ते मला कळलं होतं, तरी माझी नजर त्या बाजूला ठेवलेल्या पेपरावरच होती. आता हा कुणाला दाखवायचा, हाच पहिला विचार मनात आला. माणूस गेल्यावर असं काहीतरी बिनकामाचं आधी सुचतं.

त्यांचं पूर्ण नाव इथंच लिहून ठेवते. आदगोंडा नेमगोंडा मगदूम, कंपाउंडर, कसबा बावडा. हे नाव मी लिहायला किती उशीर केला, ते पुढं येईलच.

आमची ओळख झाली ती माझ्या खोकल्यामुळं. ब्याण्णव-त्र्याण्णव साल असेल. आम्ही बावड्याला नवीन घर बांधून राहायला आलो होतो. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की हवेत मळीचा वास आणि माझ्या घशात खवखव. शहरातल्या एका नामांकित डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, पण तीन औषध दुकानं फिरले, कुणाला वाचता येईना. शेवटी घराजवळच्या जुन्या दवाखान्यात गेले. डॉक्टर व्हिजिटला गेले होते. लाकडी खिडकीमागं एक किडकिडीत, उंच माणूस बाटल्या विसळत होता. त्यानं चिठ्ठी घेतली, आधी उलटून पाठ बघितली, मग पुढची बाजू बघितली आणि धडाधड वाचून दाखवली. "पाठ कशाला बघितली हो?" मी विचारलं. "मोठी मान्सं म्हत्त्वाचं पाठीवर लिवत्यात," तो म्हणाला, "जागा संपल्यावर आठवतंय त्यास्नी."

औषध तिथंच बनवून माझ्या बाटलीला त्यांनी डोसाची पट्टी लावली. आता कुणी लावत नाही. पांढऱ्या कागदाची उभी घडी घालून कात्रीनं दोन-तीन खाचे मारायचे, उलगडली की सारख्या अंतरावर खुणा तयार, ती खळीनं बाटलीला चिकटवायची. एका खुणेपासून दुसरीपर्यंत एक डोस. वर वेगळं लेबल, त्यावर नाव. माझं नाव, वडिलांचं की नवऱ्याचं, आडनाव, सगळं विचारून घेतलं. मी म्हटलं, अहो, मीच नेणार आहे, मीच पिणार आहे, नाव कशाला? तर खिडकीतून बाहेर वाकून, रस्त्यावरच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "नाव न्हाई ती बाटली गटारीत वतायची, बाई! कुनाची हाय कळंना झालं की औषिद आनि ईख एकच."

मी त्या वेळी एका वेगळ्याच दुखण्यानं बेजार होते. शहरातल्या एका जुन्या वाचनालयाला कुणा कारकुनाच्या वंशजांनी एक पत्र्याची ट्रंक देणगी दिली होती. तो कारकून इंग्रजांच्या काळात इथल्या एका गोऱ्या कप्तानाच्या कचेरीत होता. कप्तानाला जुन्या शिलालेखांचा नाद. त्याचा लंडनच्या एका पंडिताशी पत्रव्यवहार होता. कप्तानाच्या पत्रांचे कच्चे खर्डे, पंडिताची उत्तरं आणि दगडावरून कागदावर घेतलेले शाईचे ठसे, असा सगळा ऐवज त्या ट्रंकेत होता. वाचनालयाचे ग्रंथपाल पोवार यांनी, "तुम्ही इंग्रजीच्या, बघा काय हाय त्यात," म्हणून ती माझ्या गळ्यात मारली. मी हुरळून गेले. आणि पहिलंच पत्र उघडून रडायच्या बेतात आले. मी इंग्रजी साहित्य शिकवत होते हो, पण छापलेलं! त्या कप्तानाचं अक्षर म्हणजे पळत सुटलेली रेघ.

खोकला थांबला तसं मी धीर करून एका पत्राची झेरॉक्स दवाखान्याच्या खिडकीत सरकवली. आदाप्पांनी पाठ बघितली, पुढची बाजू बघितली आणि वाचू लागले. "सर... आय... ह्याव... द आनर... टु..." मी उभ्या जागी ओरडले. त्यांना त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. औषधांची नावं आणि सकाळ-संध्याकाळ-जेवणानंतर, एवढंच त्यांचं इंग्रजी. पण शब्दातलं एकही अक्षर चुकत नव्हतं. "अर्थ तुमी बगा," ते म्हणाले, "अक्षर माज्याकडं लागलं." गुरुवारी दवाखाना बंद असायचा. तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी आदाप्पा सायकलवरून वाचनालयात हजर. ते अक्षरं सोडवायचे, मी वही भरायची, मग अर्थ लावून त्यांना मराठीत सांगायचा. मी एखाद्या वाक्याला अडले की ते लगेच, "काय बाई, शिकिवता काय पोरास्नी?" असं म्हणून पोवारांकडं बघून डोळा मारायचे.

ट्रंकेच्या तळाशी एक गठ्ठा होता. त्यातले कागद गिरबटलेले. आडव्या ओळींवर उभ्या ओळी, नुसतं शाईचं जाळं. पोवारांनी वर चिठ्ठी लावली होती, 'खराब'. मीही मान डोलवून तो गठ्ठा बाजूला ठेवला होता. पंडितानं रागानं खोडलेलं असेल, इतकी माझी अक्कल. दोन वर्षं तो तसाच पडून होता. एका गुरुवारी कागद संपले म्हणून आदाप्पांनी तो उचलला, पाठ बघितली, मग कागद आडवा धरला, मग उभा, पुन्हा आडवा... आणि खुर्चीवरून उठलेच. "बाई, ह्ये खोडल्यालं न्हाई! ह्यात दोन पत्रं हैत. एक पान भरलं, कागूद फिरवला, आनि त्याच्यावरनंच दुसरं लिवलं. टपालाचं वजन वाचिवलंय गड्यानं, चिक्कू कुठला!"

पण वाचायचं कसं? दोन्ही थर एकमेकांत घुसलेले. पुढच्या गुरुवारी ते खिशातून डोसाच्या कोऱ्या पट्ट्या घेऊन आले. एक पट्टी ओळीच्या वर ठेवली, एक खाली. मध्ये एकच आडवी ओळ उरली. उभ्या ओळींचे नुसते तुकडे दिसायला लागले, आणि तुकड्यांकडं डोळा दुर्लक्ष करतो. ओळ वाचून झाली की पट्ट्या खाली सरकवायच्या. सगळं आडवं संपलं की कागद फिरवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. तीन गुरुवारांत एक पत्र. इतक्या आनंदात मी आयुष्यात दुसरं कुठलंच काम केलेलं नाही. घरी भाजी करपायची, नवरा म्हणायचा, "आज काय निघालं ट्रंकेतनं?" आणि मी हातात उलथनं घेऊन त्याला पंडिताची भांडणं सांगत बसायचे.

त्या पत्रांत एक माणूस सारखा यायचा. कप्तान लिहायचा, 'माझा माणूस म्हणतो.' पंडित विचारायचा, 'तुमच्या माणसाला पुन्हा दगड बघायला सांगा.' दगड होता जवळच्या एका गावातल्या जैन बस्तीत, म्हणजे देवळात. लेख जुन्या कानडीत, झिजलेला. त्याचं वाचन पंडितानं लंडनला छापलं, कप्तानाचे आभार मानले, कप्तान फुशारला. पण पत्रांवरून स्वच्छ दिसत होतं की दगड वाचला होता तो तिसऱ्यानंच. ठसे त्यानं काढले, ओळी त्यानं लावल्या, पंडिताच्या चुका त्यानं दाखवल्या. आणि दोघांच्याही पत्रांत त्याला नाव नाही. नुसता 'माझा माणूस', 'तुमचा माणूस'.

आदाप्पांना याचा असा राग आला की पहिल्यांदा मला हसू आलं. "माझा मानूस, माझा मानूस! बैल हाय व्हय त्यो? बैलाला बी नाव असतंय की!" पुढं पुढं हसू ओसरलं. चाळीस वर्षं त्यांनी औषधं बनवली, आणि पेशंट बरा झाला की म्हणायचा, डॉक्टरांच्या हाताला गुण आहे. डॉक्टर सज्जन होते, पण पाटीवर नाव त्यांचं, आणि आदाप्पांना सगळा बावडा 'कंपाउंडर' म्हणूनच हाक मारायचा. हे ते कधी बोलून दाखवत नसत. फक्त एकदा सायकलला कुलूप लावता लावता म्हणाले, "बाई, बाकी काय घावू द्या न घावू द्या. ह्या मानसाचं नाव घावाय पायजे. त्याबिगर मी मरत न्हाई बगा."

एक धागा त्यांनीच पकडला. पंडितानं एका रेघेला अक्षर समजून मोठा सिद्धांत उभा केला होता. त्यावर कप्तानाच्या खर्ड्यात उत्तर होतं, 'माझा माणूस म्हणतो, ते अक्षर नव्हे, तिथं कोरणाऱ्याची छिन्नी घसरली आहे.' मी अर्थ सांगितला मात्र, आदाप्पांनी टेबलावर थाप मारली. "शास्त्री न्हाई ह्यो! पोथी वाचनाऱ्याला छिन्नी घसारल्याली कुठनं कळंल? ह्येच्या सोत्ताच्या हातात छिन्नी हाय!" त्यानंतर वर्षभर आम्ही पाथरवट शोधत होतो. गावोगाव चौकशा केल्या. काही हाती लागलं नाही. माझा उत्साह मावळला, मी एक-दोन गुरुवार टाळलेसुद्धा. आदाप्पा दवाखान्यातून निवृत्त झाले होते, त्यांना आता सगळे वार गुरुवारच होते. ते एकटे जाऊन बसायचे.

आणि मग तो दिवस आला. गठ्ठ्यातलं शेवटून दुसरं पत्र, उभा थर, तळाची ओळ. समासात इतकी दाटून लिहिलेली की पट्टीसुद्धा बसेना. आदाप्पांनी पट्टी कात्रीनं निम्म्या रुंदीची केली आणि वाचायला लागले, मी लिहायला लागले, आणि लिहिता लिहिता माझा हात थांबला. पंडितानं म्हटलं होतं, 'तुमच्या माणसानं ठशाच्या पाठीमागं काहीतरी लिहिलं आहे, ते मला लागत नाही, म्हणून ठसा परत पाठवत आहे.' मी मान वर केली. आदाप्पा माझ्याकडं बघत होते. "काय? काय म्हंतोय?" मी सांगितलं. एवढ्या वर्षांत चिठ्ठीची पाठ बघितल्याशिवाय पुढची बाजू न बघणारा माणूस! पण ठसे मोठे, जीर्ण, गुंडाळलेले. ते उलगडायला मीच मनाई केली होती... फाटतील म्हणून.

पोवारांना बोलावलं. दोन टेबलं जोडली. दोघांनी कडा धरल्या, आदाप्पांनी श्वास रोखून पहिला ठसा उलगडला आणि पालथा केला. कोरा. दुसरा कोरा. तिसऱ्याच्या कोपऱ्यात फिकट शाईत कानडी अक्षरं होती. आदाप्पांचं आजोळ सीमेवरचं, चौथीपर्यंत ते कानडी शाळेत शिकलेले. खाली वाकले. ओठ हलायला लागले. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते, पोवार बघत होते, वाचनालयात पेपर वाचणारी चार माणसंही उठून आली होती. "हा ठसा काढला... आनि लेख वाचला... चंदाप्पा..." ते थांबले, चष्मा पुसला. "चंदाप्पा कासार. भांड्यावर नावं घालनारा." आणि मग सत्तरीला टेकलेला तो माणूस शांतता राखा असं लिहिलेल्या पाटीखाली उभा राहून गरजला, "घावला! घावला, बाई! दुसऱ्याची नावं घालनाराच घावला!"

पोवारांनीही त्यांना गप्प केलं नाही. कासार! नव्या भांड्यांवर लोकांची नावं ठोकणारा माणूस. अक्षर कोरताना हत्यार कसं घसरतं हे त्याला नाही तर कुणाला कळणार? आदाप्पांनी पिशवीतून बाटली काढली. त्यात त्यांच्या हातचं पोटाच्या गॅसवरचं गुलाबी, गोड औषध होतं, ते कायम जवळ असायचं. चहाच्या कपात आम्हा सगळ्यांना एकेक डोस दिला. पेपर वाचणाऱ्यांनाही. चंदाप्पाच्या नावानं आम्ही तो प्यायलो.

आता माझं सांगायचं राहिलं. या शोधावर मी इंग्रजीत लेख लिहिला. एका अभ्यासपत्रिकेनं छापला, सुटे अंक पाठवले. चंदाप्पाचं नाव मी शीर्षकातच घातलं होतं. सगळ्यांनी कौतुक केलं. आभाराच्या ओळीत मी लिहिलं होतं की, अक्षर वाचायला एका निवृत्त स्थानिक कंपाउंडरची मदत झाली. एवढंच. लिहिताना नाव लिहायला हात गेला होता, नाही असं नाही. पण बड्या विद्वानांसमोर, पत्रं औषधाच्या खिडकीतल्या माणसानं वाचली, हे नावगावासकट सांगायची मला लाज वाटली. संशोधन हलकं दिसेल असं वाटलं. कारण दुसरं काही नाही, मी ते झाकून सांगणार नाही.

एक अंक मी आदाप्पांना नेऊन दिला. ते म्हणाले, "वाचून दावा की." मी मराठीत अर्थ सांगत गेले आणि त्या ओळीपाशी आल्यावर बेधडक म्हणाले, "ही सर्व पत्रं श्री. आदगोंडा मगदूम यांनी वाचली." त्यांनी अंक हातात घेतला, उलटून पाठ बघितली आणि म्हणाले, "झकास." बस. जगातलं कुठलंही अक्षर सोडवणाऱ्या माणसापुढं मी छापील इंग्रजीतलं खोटं बोलले होते, आणि त्याला कळलं नाही अशी स्वतःची समजूतही घातली होती! त्यानंतर सहा वर्षं ते तसेच गुरुवारी येत राहिले, तशीच थट्टा करत राहिले. त्या ओळीबद्दल एक शब्द नाही.

दिवसकार्य झाल्यावर त्रिशला तो अंक घेऊन घरी आली. "बाई, अप्पांनी कपाटात जपून ठेवलेला. तुमच्याकडं असू दे." मी पान उघडलं. 'एक निवृत्त स्थानिक कंपाउंडर' या शब्दांवर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवलेली होती, कडेला डोसाचे खाचे. तिच्यावर ठसठशीत इंग्रजी अक्षरांत पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आडनाव. पट्टी एकाच टोकाला चिकटवली होती, बोटानं उचलली की खालचे माझे शब्द जसेच्या तसे. जुन्या कागदाला डिंक कधी लावायचा नाही, पाण्यानं सुटेल अशी खळच लावायची, तीही कडेलाच, हे त्यांना मीच शिकवलं होतं. मी त्रिशलासमोर रडले. तिला वाटलं, आठवणीनं रडतेय.

घरी माझ्याकडं पाच अंक उरले होते. दोन दिवस बसून मी पट्ट्या कापल्या, खळ शिजवली, पाचही अंकांवर नाव लावलं. माझे खाचे काही सारखे आले नाहीत. सहावी पट्टी पिशवीत घालून वाचनालयात गेले, कारण तिथल्या कपाटात एक अंक होता, आणि पुढं कधी कुणी चंदाप्पाला शोधत आलं तर तोच उघडणार. पोवार आता थकलेत, पण येऊन बसतात. मी अंक मागितला, पान काढलं... आणि तिथं पट्टी होती. जुनी, कडा पिवळट पडलेली.

"ते व्हय," पोवार म्हणाले, "कंपाउंडर लावून गेलते की! चार-पाच वर्षं झाली. म्या म्हटलं, काय करताय ओ? तर म्हनले, बाईंच्या बाटलीला लेबल ऱ्हायलंय. त्यास्नी सांगू नका, वाईट वाटंल."

मी तिथंच बाकावर बसले. तेच टेबल, तीच शांतता राखा म्हणणारी पाटी. पेपर वाचणारे पेपर वाचत होते. सवयीनं पान उलटून पाठ बघितली. पाठ कोरी होती. मग पिशवीतून पेन्सिल काढली आणि कोपऱ्यात लिहिलं, 'ही पत्रं आदगोंडा नेमगोंडा मगदूम यांनी वाचली. नाव मी गाळलं होतं.' आणि त्याखाली माझं नाव घातलं, वडिलांचं, आडनाव, सगळं.